मदत हवी आहे: आईने कोलेस्टेरॉलची गोळी सोडली, अ‍ॅस्पिरिन मात्र चालू आहे

आई 62 वर्षांची आहे. बीपी आहे, गोळीने आटोक्यात. शुगर नाही. अ‍ॅटॅक, स्टेंट, पॅरालिसिस यांतलं काहीही झालेलं नाही. मामा 52व्या वर्षी अ‍ॅटॅकने गेला, तेव्हा घाबरून तिची तपासणी केली. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 164 निघालं आणि रक्त पातळ करायची अ‍ॅस्पिरिन 75 नि कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 10 सुरू झाल्या.

परवा माहेरी गेले तर तिच्या मनगटावर बांगड्या टेकतात तिथे काळेनिळे डाग. गोळ्यांचा डबा उघडला. अ‍ॅस्पिरिनची पट्टी संपत आलेली, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची जवळपास तशीच. म्हणाली, "मांड्या भरून यायच्या गं, देवासमोरून उठवेना. भिशीतल्या बायका म्हणाल्या, ती गोळी पुरुषांना लागू पडते, आपल्याला नाही. रक्त पातळ करायची मात्र एक दिवस चुकवली नाही."

रात्री वाचत बसले. मला तर उलटंच झालेलं दिसतंय. अ‍ॅस्पिरिनचा गवगवा झाला तो 1989 मध्ये छापून आलेल्या अमेरिकन डॉक्टरांच्या अभ्यासामुळे. त्यात अ‍ॅटॅक 44 टक्क्यांनी कमी झाले, पण ते 22 हजार सगळे पुरुष! नंतर जवळपास 40 हजार बायकांना दहा वर्षं दिवसाआड अ‍ॅस्पिरिन देऊन पाहिली, ते निष्कर्ष 2005 चे. स्ट्रोक 17 टक्क्यांनी कमी, पण पहिला अ‍ॅटॅक टळण्यात एकंदरीत फरक नाही. फक्त पासष्टीपुढच्या बायकांमध्ये तो कमी दिसला. पोटातला रक्तस्राव वाढला तो वेगळाच. स्टॅटिन गोळ्यांचं (आईची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन त्यांतलीच) मात्र 2015 मध्ये 1 लाख 74 हजार जणांची माहिती एकत्र करून पाहिली. त्यांत 27 टक्के बायका होत्या, आणि धोका सारखा असेल तर फायदा बायकांनाही पुरुषांइतकाच निघाला.

शुक्रवारची अपॉइंटमेंट आहे. डॉक्टर भले आहेत, पण बाहेर ही गर्दी असते, पाच मिनिटांत सगळं विचारावं लागतं. तुमच्यापैकी कुणाच्या आईची किंवा सासूबाईंची, हृदयाचा काही त्रास झालेला नसताना, अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांनी थांबवली आहे का? काय बघून? मांड्या दुखतात म्हटल्यावर डोस कमी केला की गोळी बदलून दिली? थायरॉईड कमी असलं तरी कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्नायू दुखतात असं वाचलं. आईची ती तपासणी तीन वर्षांत झालेली नाही, ती आधीच करून रिपोर्ट घेऊन जाऊ का?

इथे कुणी डॉक्टर असतील तर कृपया सांगा. तोवर कुठल्याच गोळीत मी माझ्या मनाने बदल करणार नाही. आईला एवढंच सांगितलंय की शौचाला काळं झालं तर लगेच फोन कर.