आधी श्वास मोजू द्या
आशाताईंना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवताना ‘आधी पुस्तिका सोपी करा, प्रात्यक्षिकाचं नंतर बघू’ असं एक मत मांडलं जातं. ते मला अर्धंच पटतं. गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता की बाळाचे श्वास मोजायचे कसे, कारण बऱ्याच दायांना मोठे आकडे मोजताच येत नव्हते. त्यांनी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी हातात दिली. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनियाचा संशय.

आशाताईंना शिकवताना मीही बघते, व्हिडिओवर सगळ्यांचा आकडा जुळतो. खऱ्या बाळाचं दुपटं बाजूला केलं आणि ते रडलं की चुकतो. म्हणून बाळ शांत झाल्यावर दोघींना एकाच वेळी मोजायला लावते. वेळापत्रकात यासाठी निम्मा दिवस भांडून मागाच.