शब्दचर्चा : बाज, ससाणा, शिक्रा आणि बहिरी

प्रश्न : बातम्यांत एकाच पक्ष्याला कधी बाज, कधी ससाणा, तर कधी शिक्रा म्हटलेलं दिसतं. हे समानार्थी शब्द आहेत का? आणि ‘बहिरी ससाणा’ खरंच बहिरा असतो का?

प्रतिसाद १ : शेवटचं आधी. बहिरा असता तर ‘बहिरा ससाणा’ म्हटलं असतं, कारण ससाणा पुल्लिंगी आहे. हा ‘बहिरी’ मराठी विशेषण नव्हेच. अरबी ‘बहर’ म्हणजे समुद्र, त्यावरून बहरी, म्हणजे समुद्राकडचा. तो शब्द फारसीतून शिकारखान्यात आला आणि मराठी उच्चारात बहिरी झाला. त्याच्या कानांत काहीही दोष नाही.

‘बाज’ही फारसी. पक्षी असेल तर ‘तो बाज’, बाळंतिणीची खाट असेल तर ‘ती बाज’. ‘ससाणा’ मात्र घरचा आहे. संस्कृतात श्येनाचं, म्हणजे शिकारी पक्ष्याचं, एक नाव शशादन, म्हणजे ससा खाणारा, त्यावरून तो आला.

प्रतिसाद २ : व्युत्पत्ती बरोबर आहे, पण जुन्या मराठीत ससाणा कुठल्याही शिकारी पक्ष्याला चालायचा. मग आज काटेकोर भेद कशाला?

प्रतिसाद १ : कारण आज आपल्याला दोन वेगळ्या कुळांसाठी दोन शब्द लागतात, आणि ते हाताशी आहेत. लांब, टोकदार पंख, काळेभोर डोळे आणि वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा खाचा असलेला तो ससाणा. आखूड, गोलसर पंख, लांब शेपटी आणि पिवळे किंवा लालसर डोळे असलेली ती बाज-शिक्र्यांची मंडळी. हा भेद वरवरचा नाही. जनुकीय अभ्यासांत ससाणे बाजांपेक्षा पोपटांना जवळचे निघाले. शिक्र्याला ससाणा म्हणणं म्हणूनच मला खटकतं.

प्रतिसाद ३ : नेमकी नावं हवी असतील तर बाजदारांची, म्हणजे शिकारीसाठी हे पक्षी पाळणाऱ्यांची, शब्दसंपत्ती पाहा. या पक्ष्यांत मादी नरापेक्षा ठळक मोठी असते, शिकारीला तीच जास्त उपयोगी, म्हणून मुख्य नाव मादीचं. मोठ्या बाजाची मादी बाज, नर जुर्रा. शिक्र्याची मादी शिक्रा, नर चिपक. युरेशियन स्पॅरोहॉकची मादी बाशा, नर बाशीन. आज आपण ‘नर शिक्रा’ म्हणतो ते चूक नाही, अर्थ रुंदावला आहे इतकंच. पण यातून एक धडा घ्यावा : आकारावरून जात ठरवू नये. बाशीन आणि मादी शिक्रा आकाराने इतके जवळ येतात की अंदाज हमखास चुकतो.

प्रश्नकर्ता : मग शिक्रा, त्याच्यासारखाच दिसणारा घनदाट झाडीतला बेसरा आणि बाशा ओळखायचे कसे?

प्रतिसाद ३ : पक्षी बसलेला असेल तर आधी गळा. शिक्र्याच्या गळ्यावर मधोमध एकच बारीक, पुसट रेघ. बेसऱ्याची रेघ जाड आणि गडद. बाशाच्या गळ्यावर अशी ठळक मधली रेघ नसते. मग शेपटी : बेसऱ्याचे गडद पट्टे फिक्या पट्ट्यांइतकेच रुंद, शिक्र्याचे अरुंद. प्रौढ नर शिक्र्याची मिटलेली शेपटी वरून जवळजवळ कोरी राखाडी दिसते, कारण मधल्या पिसांवर पट्टे नसतात.

आकाशात घिरट्या घालत असेल तर पंखाच्या टोकाची सुटी ‘बोटं’ मोजा. बाशाला सहा, शिक्रा आणि बेसरा यांना पाच. पंख पूर्ण पसरलेले असतानाच मोजा, तरंगत खाली येताना ती मिटतात. पीस गळतीच्या दिवसांत एखादं कमी भरतं, म्हणून दोन्ही पंख पाहावेत. एका फोटोवर विसंबू नका, सलग आठ-दहा घ्या.

सर्वांत जास्त चुका शिक्र्याच्या पिल्लात होतात. त्याच्या छातीवर तपकिरी उभे फराटे असतात आणि गळ्याची रेघही प्रौढापेक्षा ठसठशीत असते, म्हणून बेसरा म्हणून नोंद होते. अशा वेळी शेपटीचे पट्टे निर्णायक धरावेत. घनदाट झाडीबाहेर, वस्तीजवळ दिसलेला ‘बेसरा’ दोनदा तपासावा.

प्रतिसाद ४ : आणि पावशा विसरू नका! ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा रंगाने, पट्ट्यांनी, उडण्याच्या ढबीनेही हुबेहूब शिक्रा; छोटे पक्षीसुद्धा फसून कलकलाट करतात. चोच बघा : शिक्र्याची आखूड, आकड्यासारखी, पावशाची सरळसर, फारशी न वळलेली. पायाची बोटं दिसली तर प्रश्नच मिटला. पावशाची दोन पुढे, दोन मागे. शिक्र्याची तीन पुढे, एक मागे.

तिसा या आणखी एका शिकारी पक्ष्याबद्दलही एक ओळ : डोळा पांढुरका, गळा पांढरा, त्यावर मधली एक आणि कडेच्या दोन अशा तीन गडद रेघा. खांबावर ताठ बसलेला, रेघ दिसली म्हणून त्याला बेसरा लिहिलेलं मी अनेकदा वाचलं आहे.

प्रतिसाद १ : लेखनाबद्दल एवढंच, शिकरा आणि शिक्रा दोन्ही रूपं आढळतात. सामान्यरूप शिक्र्या- (शिक्र्याने, शिक्र्याला), अनेकवचन शिक्रे. ‘शिक्राने’ लिहू नये. तसंच ससाण्याने, बेसऱ्याने.