रोज खिशात काय असावं: छोटा स्विस चाकू, पक्कडवालं मल्टिटूल की काहीच नको?

सुतळीबाज
मुंबईत रोज कामावर जाणाऱ्या माणसानं एकच अवजार जवळ बाळगायचं तर कुठलं? माझं मत आधीच सांगतो, मग झोडपा. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा क्लासिक नावाचा छोटा चाकू. बंद असताना 58 मिमी, किल्ल्यांच्या जुडग्यात बसतो. छोटंसं पातं, कात्री, नखांची कानस आणि तिच्याच टोकाला पेचकस, चिमटा, टूथपिक. बास झालं.

सगळे पात्याची लांबी विचारतात. अहो, पण दिवसभरात कापता काय? कुरिअरच्या खोक्याची टेप, शर्टाचा लोंबणारा दोरा, फरसाणचं पाकीट, मिठाईच्या डब्याची सुतळी. यातलं निम्मं काम तर कात्रीचंच. शिवाय ऑफिसात मोठं पातं उघडलं की शेजारचा खुर्ची मागे घेतो. हा काढला की म्हणतो, "जरा देता का?"

व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सेनर यांनी 1891 पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. तो शिपाई-चाकू मजबूत, पण जड होता, म्हणून 1897 मध्ये त्यांनी ऑफिसरांसाठी हलका चाकू काढला. जगभर नाव झालं ते या हलक्याचं.

पक्कडराव
साफ असहमत. त्या हलक्या चाकूत बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही होता, तो का नाही सांगितलात? क्लासिकनं अडकलेली चेन ओढून दाखवा. गिझरचा ढिला नट आवळून दाखवा. पक्कड नसेल तर अवजार अर्धवटच.

टिम लेदरमन 1975 मध्ये जुनी फियाट घेऊन युरोप फिरत होता. खिशात चाकू होता, पण गाडी कुरकुरली की पक्कड हवी व्हायची. त्या चिडचिडीतून त्यानं खटपट सुरू केली आणि 1983 मध्ये त्याचं पहिलं मल्टिटूल बाजारात आलं. म्हणजे ही वस्तू जन्मली तीच चाकू अपुरा पडला म्हणून. माझ्याकडे त्याच्याच कंपनीचं वेव्ह आहे. मोठी पाती बाहेरच्या बाजूला, पक्कड न उघडता एका हातानं निघतात आणि लॉक होतात. स्टुलावर चढून एसीचं काम करताना दुसरा हात मोकळा नसतो, साहेब.

सुतळीबाज
आणि वेव्ह प्लसचं वजन 241 ग्रॅम. सकाळच्या डोंबिवली फास्टला पट्ट्याला पाव किलो पोलाद अडकवून चढा, शेजारच्याच्या बरगड्या तुमचा उद्धार करतील. तुमचा धंदाच तो, तुम्ही घ्या. मी नोकरदाराबद्दल बोलतोय.

पक्कडराव
पट्ट्याला कोण लावतं? बॅगेत असतं.

सुतळीबाज
मग बॅगेत पूर्ण पेटीच ठेवा की. नागदेवी स्ट्रीटला पक्कड आणि पेचकस सुटे घेतलेत तर मल्टिटूलपेक्षा स्वस्त पडतात, आणि पकडही चांगली असते.

मनाईआदेश
लांबी, वजन सगळं ठीक. पण मेट्रोनं जाणाऱ्यांचं काय? लोकलमध्ये रोज कोणी बॅग बघत नाही, मेट्रोच्या स्टेशनात ती स्कॅनरखालून जाते आणि धारदार वस्तूंना मनाई आहे. मॉलच्या दारात, कोर्टात तीच गोष्ट. विमानात केबिनमध्ये न्यायचा नाही, सामानात टाकायचा.

वर लगेच कोणीतरी शस्त्र नियमांतला नऊ इंच लांबीचा आणि दोन इंच रुंदीचा आकडा फेकणार. तो परवाना कधी लागतो याचा प्रश्न झाला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या कलमात चाकूचं नाव स्पष्ट आहे. तिथे इंच मोजत बसत नाहीत. रोज बाळगायचा असेल तर बिनपात्याचा घ्या. व्हिक्टोरिनॉक्सचाच जेटसेटर आहे, कात्री असते, पातं नसतं.

घाटवाट
पातं नाही तर मजा काय? माझा ओपिनेल, फ्रेंच घडीचा चाकू, आठ नंबर. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीच झाडाच्या लाकडाची मूठ, आणि 1955 पासून ती फिरवायची कडी, जिनं पातं उघडं असताना पक्कं होतं. सुतळीबाज, तुमच्या क्लासिकला लॉक नाही हे सोयीस्कर विसरलात. कसारा लोकल पकडून हरिश्चंद्रगडाला निघालो की काकडी, कांदा, लिंबू, दोरी सगळं यावर. पातं पातळ असल्यानं टोमॅटो चेंगरत नाही.

ओला_रेनकोट
आता जुलैतली गोष्ट सांगा! लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पातं मुठीत घट्ट बसतं. मग मुठीचं बूड टेबलावर आपटायचं, म्हणजे टोक जरा बाहेर येतं. त्यात कार्बन पोलादाचं पातं घेतलं असेल तर लिंबू कापून तसंच ठेवलं की संध्याकाळपर्यंत काळे डाग. समुद्राजवळ राहणाऱ्यानं कार्बन घ्यायचं म्हणजे रोज पुसणं आणि शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवणं आलं.

घाटवाट
फळ कापायच्या चाकूला शिलाई मशीनचं तेल? खोबरेल लावा. आणि आठ नंबर स्टेनलेसमध्येही मिळतो. फुगण्याचं मात्र खरं आहे, मीही पावसाळ्यात तो आपटूनच उघडतो.

दहाचा_कटर
एवढी चर्चा कशासाठी चालू आहे? स्टेशनरीच्या दुकानातला सरकता कटर घ्या. धार गेली की टोकाचा तुकडा मोडा, नवी धार तयार. 1956 मध्ये जपानमध्ये योशिओ ओकादानं ही युक्ती काढली आणि माझ्या मते विषय तिथेच संपला. हरवला तरी रडू येत नाही, जप्त झाला तरी नाही.

झेंडूची_माळ
मी मंडप-सजावटीचं काम करते, म्हणून बोलते. थर्माकोल आणि फ्लेक्सला कटरच, वाद नाही. पण तार वाकवायला गेलात की तुकडा उडतो, आणि कुठे उडेल सांगता येत नाही. तारेला पक्कड. माळेच्या दोऱ्याला कात्री. माझ्या पोरांना मी खिशात कटर ठेवू देत नाही, घाईत बाहेर सरकतो आणि मांडीत घुसतो. त्यामुळे सुतळीबाजांच्या बाजूनं अर्धं मत, पक्कडरावांच्या बाजूनं अर्धं.

एक मात्र कोणीच बोललं नाही. धार कुठे लावता? सायकलवर चाक घेऊन येतो त्या धारवाल्याकडे विळी, सुरी द्या. एवढंसं पातळ पातं त्या चाकावर तापतं, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो, मग धार टिकत नाही.

सुतळीबाज
चिनी मातीचा कप उपडा करा. बुडाची जी कडा बिनचकाकीची, खरखरीत असते, तिच्यावर हलक्या हातानं, दोन्ही बाजूंनी सारखं. क्लासिकला तेवढं पुरतं.

पक्कडराव
वेव्हलाही पुरतं. कात्रीला मात्र कप लावू नका.