तिसरी गणित: गटात एकच मूल सोडवतं, बाकीचे उतरवतात

प्रश्न
तिसरीचा पट ३८. हातच्याची वजाबाकी चालू आहे. ५२ − २७ चं उत्तर बरीच मुलं ३५ लिहितात. सहा-सहाचे गट केले, तर हुशार मूल सोडवतं आणि बाकीचे वहीत उतरवतात. काय बदलावं?

उत्तर १
ताई, सहाच्या गटात दोघं-तिघं आपोआप बाहेर पडतात. चौघांचे ७ आणि पाच जणांचे २ गट करा, ३८ बरोबर बसतात.

साहित्य मुद्दाम कमी द्या: दहाच्या काड्यांचे ५ गठ्ठे, २ सुट्या, एक कागद, एक पेन्सिल. पहिला काड्या हाताळेल, दुसरा काय चाललंय ते बोलेल, तिसरा तेवढंच लिहील, चौथा उत्तरात २७ मिळवून पडताळा घेईल. पाचवा असेल तर त्याच संख्यांवर शाब्दिक उदाहरण रचेल. दर उदाहरणाला कामं बदलायची.

३५ येतात कारण मूल एककात ७ मधून २ काढतं. काड्यांत ही पळवाट नाही. सुट्या दोनच, द्यायच्यात सात. रबर काढून गठ्ठा सोडावाच लागतो. त्याच क्षणी कागदावर ५ चे ४ आणि २ चे १२ झाले पाहिजेत. काड्या आधी, लिहिणं नंतर असं केलंत तर काड्यांनी २५ येतील आणि कागदावर पुन्हा ३५!

उत्तर २
गटात प्रत्येकाला क्रमांक द्या. काम झाल्यावर कोणताही एक पुकारा. त्या क्रमांकाच्या मुलानेच गठ्ठा का सोडला ते सांगायचं. कोणाचा नंबर लागेल ते आधी कळता कामा नये, म्हणजे गट कच्च्या मुलाला समजावतोच. शेवटी ३ उदाहरणं एकेकट्याने. आधीच्या चाचणीपेक्षा प्रत्येकाचे गुण किती वाढले त्याची सरासरी, ते गटाचे गुण. गटाने शिकण्यावर संशोधन करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्लाव्हिन यांचा आग्रह हाच होता: गटाचं ध्येय एक, पण जबाबदारी प्रत्येकाची.

प्रश्नकर्ती
४०२ − १८७ पण काड्यांवरच घ्यायचं?

उत्तर १
नको, ९ गटांना ३,६०० च्या वर काड्या लागतील. कागदी नोटा करा: शंभराच्या ४, एकच्या २. एका मुलाला बँक करा, त्याच्याकडे दहाच्या १० आणि एकच्या १०. बँकेचा नियम कडक हवा: शंभराचे सुटे म्हणजे दहाच्या १० नोटा, थेट एकच्या मिळणार नाहीत. मग दहाची एक मोडली की दशकात ९ उरतात. इथेच चूक होते, मुलं १० तसेच ठेवतात आणि २१५ ऐवजी २२५ येतात. म्हणून बँकवाल्याने प्रत्येक मोडीनंतर विचारायचं, "आता दहाच्या किती?"