स्क्राइब, सीएनए की मेडिकल असिस्टंट? (न्यू जर्सी, गॅप इयर)

पेठेतली_जर्सीत
नववी झाल्यावर पुण्याहून इकडे आले, म्हणून मराठीतच विचारते. बायॉलॉजीची पदवी मेमध्ये झाली, मेडिकलची प्रवेश परीक्षा एमकॅट देऊन झालीय, पुढच्या मेमध्ये ॲमकॅसचा, म्हणजे मेडिकल कॉलेजांच्या प्रवेशाचा, फॉर्म भरायचाय. तोवर नोकरी हवी.

इमर्जन्सी रूममध्ये स्क्राइबची ऑफर आहे, म्हणजे डॉक्टरांच्या मागे कॉम्प्युटरची गाडी ढकलत फिरायचं आणि एपिकमध्ये (पेशंटच्या रेकॉर्डचं सॉफ्टवेअर) नोट टाइप करायची. बाबांच्या ओळखीच्या काकांचं स्किन क्लिनिक आहे, तिथे मेडिकल असिस्टंट होता येईल. पगार बरा, शनिवार-रविवार सुट्टी. आणि घराजवळच्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात, सीएनए (नर्सच्या हाताखालची मदतनीस), दुपारी तीन ते रात्री अकरा, पगार सगळ्यात कमी. मला हेच करावंसं वाटतंय. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं ब्युरोच्या मावशी करायच्या, मी नुसती दारात उभी असायचे. पण आई म्हणते, "एवढं शिकून लोकांचं हगणं-मुतणं काढणार?" एक मैत्रीण म्हणते ईएमटी (ॲम्ब्युलन्सवरचं काम) कर. काय करू?

कोलंबसचा_कोल्हापुरी
मी आधी स्क्राइब होतो, मग सीएनए. आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्क्राइबला डोकं तयार होतं. छातीत दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर आधी काय विचारतात, ट्रोपोनिन (हार्ट अटॅक ओळखायची रक्तचाचणी) काही तासांनी पुन्हा का काढतात, हे कानावर पडत राहतं. पण पेशंटला हात लावायचा नाही.

सीएनएला सगळं हातानंच. हॉयर लिफ्टनं (पेशंट उचलायचं यंत्र) खुर्चीत बसवा, भरवा, बेडसोअर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्या. कंबर धरते, खोटं कशाला सांगू. आमच्याकडचे डिमेन्शियाचे एक आजोबा अंघोळीला नेलं की ठोसे मारायचे. मग मी आधी पाय भिजवायला लागलो, डोक्यावर पाणी अगदी शेवटी. मुलाखतीत निम्मा वेळ त्यांच्याबद्दलच बोलणं झालं. फॉर्ममध्ये 15 अनुभव लिहिता येतात, त्यातल्या 3 साठी जादा जागा मिळते. ती अशानं भरते.

ईएमटीचं म्हणाल तर कोर्स, परीक्षा, मग नोकरीची शोधाशोध. मेपर्यंत तास किती होणार?

डॉक्टर_काकू
अगं, काकांकडे जाऊ नकोस. ओळखीत रजा मागायचीही चोरी, आणि त्यांचं शिफारसपत्र घरच्याच माणसानं दिल्यासारखं वाटेल. स्क्राइब होणार असशील तर ती जागा वर्षभर राहील का ते आधी विचार. आमच्या क्लिनिकमध्ये आता खोलीतलं बोलणं ऐकून एआयच नोट लिहितं.

सीएनए कर, पण तिथे डॉक्टर भेटतील या भरवशावर राहू नकोस. पहिले तीन महिने झाले की 60 दिवसांतून एक भेट दिली तरी नियमात बसतं. पत्र देण्याइतकी ओळख त्यात होत नाही. तुझी शिफ्ट तीनची, सकाळ मोकळी. त्यातली एखादी सकाळ शॅडोइंगला, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघायला, दे.

आणि आईला सांग, मुंबईत इंटर्न असताना वॉर्डातल्या मावशी नसल्या की बेडपॅन आम्हीच उचलायचो. तेव्हा एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झालेलो होतो.

पेठेतली_जर्सीत
काकू, हे आईला वाचून दाखवलं. "तुमच्या काकूंना काय जातंय" म्हणाली, पण हसली. सकाळचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नर्सिंग होमवाले म्हणतात कोर्स आमच्याकडेच करा, फीचं नंतर बघू. टीबीची टेस्टही मागितलीय.

कोलंबसचा_कोल्हापुरी
"नंतर बघू" चालणार नाही, लेखी घ्या. मेडिकेअर-मेडिकेड (सरकारी आरोग्य विमा) घेणाऱ्या नर्सिंग होमला, नोकरीची ऑफर दिलेल्या माणसाकडून सीएनए कोर्सची फी घेता येत नाही. केंद्राचा नियम आहे. न्यू जर्सीत कोर्स 90 तासांचा असतो.

टीबीची टेस्ट रक्ताची मागा, त्वचेवरची नको. आपण लहानपणी बीसीजी घेतलेली, त्यामुळे त्वचेवरची उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रेच्या फेऱ्या. हेपटायटिस बीच्या लसीचं कार्ड सापडत नसेल तर पुण्याला फोन करत बसू नका, टायटर (अँटिबॉडी मोजायची रक्तचाचणी) करून घ्या.