सातारा २०२४ : पिपाणीने निकाल फिरवला का?

कृष्णाकाठ
सातारा लोकसभेच्या २०२४ च्या निकालाचे दोन आकडे नेहमी शेजारी-शेजारी मांडतात. भाजपच्या उदयनराजे भोसलेंचं मताधिक्य ३२,७७१. 'पिपाणी'वाल्या अपक्षाची मतं ३७,०६२. दुसरा आकडा मोठा, म्हणून शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे पिपाणीमुळे पडले, त्यांच्या 'तुतारी'ची मतं चुकून पिपाणीला गेली, असा निष्कर्ष. मला तो साफ चुकीचा वाटतो.

पिपाणीचं मत शिंदेंकडे वळवलं तर शिंदेंचं एक वाढतं, राजेंचं एकही कमी होत नाही. म्हणजे ३७,०६२ पैकी किमान ३२,७७२ मतं चुकून पडलेली असली पाहिजेत. शंभरात ८८! त्या अपक्षाला समजून-उमजून मत देणारे ४,२९० पेक्षा जास्त निघाले, की दावा संपला.

उलट राजेंची मतं ओळीने बघा. २००९ : ५,३२,५८३. २०१४ : ५,२२,५३१. २०१९ : ५,७९,०२६. राजे भाजपमध्ये गेल्यावर त्याच वर्षी झालेली पोटनिवडणूक : ५,४८,९०३. २०२४ : ५,७१,१३४. राष्ट्रवादीचं घड्याळ असो वा भाजपचं कमळ, सव्वापाच ते पावणेसहा लाख ठरलेले. सातारा माणूस बघून मत देतो. १९५७ ला कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील, १९८० च्या इंदिरा लाटेत विरोधी काँग्रेसचे यशवंतराव, १९९६ ला शिवसेनेचे हिंदुराव नाईक-निंबाळकर इथूनच गेले.

कोरेगावकर
शंभरात ८८ ऐकायला जास्त वाटतं, पण शेजारी बघा. त्याच निवडणुकीत त्याच चिन्हाला माढ्यात ५८,४२१, बीडला ५४,८५०, दिंडोरीत १,०३,६३२ मतं पडली. उमेदवार वेगळे, जिल्हे वेगळे, सारखं फक्त चिन्ह. त्या तिन्ही ठिकाणी शरद पवारांच्या पक्षाचा उमेदवार निवडून आला म्हणून कुणी फार खोलात गेलं नाही. बीडचं मताधिक्य तर फक्त ६,५५३ होतं.

घोळ कसा झाला तेही सांगतो. पक्ष फुटून घड्याळ अजित पवारांकडे गेलं. शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळालं २२ फेब्रुवारीला, मतदान ७ मेला. हातात ७५ दिवस. प्रचारात सगळे म्हणणार 'तुतारी'. आणि अपक्षांसाठीच्या मुक्त चिन्हांच्या यादीत तेव्हा पिपाणीचं मराठी नावही 'तुतारी'च होतं! मशीनवरचं चित्र बारीक, काळं-पांढरं. पक्षाच्या चिन्हात आधी माणूस दिसतो, वाद्य नंतर. अपक्षाच्या चौकटीत नुसतं वाद्य. 'तुतारीचं बटण दाब' एवढंच सांगून आजीला आत पाठवलं, तर तिनं कुठलं बटण दाबायचं?

पाटण खोरं
दोघंही २०१९ ची पोटनिवडणूक विसरताय. एप्रिल ते ऑक्टोबर राजेंची मतं घटली फक्त ३०,१२३. तरी ते ८७,७१७ ने पडले, कारण समोरचा आकडा ४,५२,४९८ वरून ६,३६,६२० वर गेला. शरद पवारांची पावसातली सभा सगळ्यांना आठवते, पण २१ ऑक्टोबरला विधानसभेचंही मतदान होतं हे कुणी बोलत नाही. प्रत्येक आमदारकीचा उमेदवार स्वतःसाठी गाड्या, बूथ, माणसं लावून बसलेला, त्याच फेरीत राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांचंही मत निघालं.

२०२४ ला ती यंत्रणा नव्हती. सहापैकी सातारा, कोरेगाव, पाटण, वाई हे चार आमदार महायुतीत. वाईचे मकरंद पाटील तर ऑक्टोबर २०१९ ला श्रीनिवास पाटलांच्याच बाजूचे. शिंदेंना ५,३८,३६३ मतं, म्हणजे ९८,२५७ ची घट. त्यात अख्खी पिपाणी मिळवा, तरी ६१,१९५ चा खड्डा राहतोच.

कोरेगावकर
खड्डा आहे, मान्य. पण जिंकायला तो पूर्ण बुजवायची गरज नव्हती. ५,३८,३६३ अधिक ३७,०६२ म्हणजे ५,७५,४२५, राजेंपेक्षा ४,२९१ जास्त. साठ हजार संघटनेने घालवले आणि तीस-पस्तीस हजार चिन्हाने, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आणि कृष्णाकाठ, राजेंचा आकडा तोच राहिला म्हणून माणसंही तीच राहिली असं समजू नका. एप्रिल २०१९ ला घड्याळ दाबणारा कराड उत्तरचा राष्ट्रवादीवाला ऑक्टोबरात श्रीनिवास पाटलांकडे गेला, त्याच्या जागी भाजप-शिवसेना युतीचा मतदार राजेंकडे आला. १९९९ पासून सहाही वेळा इथे घड्याळच निवडून आलं, त्यातल्या तीन वेळा राजेच त्यावर होते. वीस वर्षं घड्याळ दाबणाऱ्याला २०२४ च्या मशीनवर घड्याळ सापडलंच नाही.

कृष्णाकाठ
दिंडोरी यातून काढा. तिथे पक्षाचे उमेदवार भगरे आणि अपक्षाचं आडनावही भगरेच होतं, म्हणजे नाव आणि चिन्ह दोन्हीचा घोळ. माढा-बीड मात्र मला खोडता येत नाही, आणि घड्याळाचा मुद्दाही बिनतोड आहे. तरी घोळ झाला हे एक, आणि शंभरात ८८ मतं घोळाचीच हे दुसरं. पहिलं मानतो. दुसऱ्याला पुरावा पाहिजे.

मतमोजणी
पुरावा काही प्रमाणात काढता येतो. नमुना २० मध्ये, म्हणजे निवडणूक आयोगाच्या निकालपत्रकात, केंद्रवार मतं असतात. प्रत्येक केंद्रावर दोन टक्केवाऱ्या काढा, शिंदेंची आणि पिपाणीची. चुकून पडलेली मतं असतील तर शिंदे जोरात तिथे पिपाणीही जास्त, आणि शिंदे कमी तिथे तीही कमी. नाराजीची असतील तर असा मेळ बसणार नाही. केंद्रं एकाच तालुक्यातली घ्या. सातारा शहर आणि पाटणचा डोंगरी भाग एकत्र केला तर नुसत्या भूगोलामुळे खोटा मेळ दिसतो. शंभराखाली मतदान झालेली केंद्रं वगळा, तिथे दोन मतांनी टक्केवारी उड्या मारते.

दुसरी कसोटी टपाली मतांची. ती मशीनवर नाहीत, कागदावर सावकाश नाव वाचून दिलेली, आणि बरीचशी निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांची. तिथे पिपाणीची टक्केवारी मशीनच्या मानाने अगदी नगण्य निघाली, तर कोरेगावकरांची बाजू भक्कम होते.

पाटण खोरं
टपाली मतदार नोकरदार आणि शिकलेला. त्याच्यावरून वाड्या-वस्तीवरच्या म्हातारीचा अंदाज कसा बांधणार? त्यापेक्षा कराड उत्तरची केंद्रवार यादी आधी घ्या. तिथे आमदार तेव्हा शरद पवारांच्याच बाजूचा राहिला, म्हणजे यंत्रणा फुटल्याचा हिशोब मध्ये येत नाही. तिथेही शिंदेंच्या गावांत पिपाणी वर असेल, तर मी माझं म्हणणं मागे घेतो.