आषाढीत पायांवरचं दर्शन बंद ठेवावं का?

भीमाकाठ

मंडळी, विषय भावनेचा आहे हे माहीत असूनच मांडतोय. आषाढी आणि कार्तिकीच्या गर्दीत पंढरपुरात पदस्पर्श दर्शन बंद ठेवावं आणि सगळ्यांना मुखदर्शन द्यावं, असं माझं स्पष्ट मत झालंय. बाकी वर्षभर पायांवरचं दर्शन खुशाल चालू राहू दे.

गेल्या आषाढीला आईला घेऊन गेलो होतो. तिला ७१ वर्षं पूर्ण झालीत. दशमीला दुपारी चारला गोपाळपूरच्या पत्राशेडमध्ये रांगेला लागलो, गाभाऱ्यात पोचलो तेव्हा एकादशीची दुपार उलटून गेली होती. रात्री दोनच्या सुमाराला ती शेडच्या खांबाला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपली. रांग हलली की मी उठवायचो, चार पावलं चालायची, पुन्हा बसायची. शेवटी विटेपाशी आली, वाकली, कपाळ टेकतंय तोच खांद्यावर हात पडला, 'चला माऊली, पुढे चला'. पश्चिमद्वारातून बाहेर आल्यावर चप्पल घालता घालता म्हणाली, 'अरे, मी त्याचं तोंडच बघितलं नाही रे.'

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. इतके तास उभं राहून माणूस पांडुरंगाचं मुख न बघता परत येतो.

दुसरी गोष्ट मूर्तीची. शेकडो वर्षं लाखो कपाळं आणि हात त्या पावलांना लागलेत. घाम, तेल, बुक्का, सगळं त्या दगडात मुरतं. झीज थांबवायला वज्रलेप, म्हणजे मूर्तीवर संरक्षक लेप, करावा लागतो, आणि तो एकदाच करून भागलेलं नाही. करोनात मार्च २०२० पासून पदस्पर्श बंद होता, तो २०२२ च्या गुढीपाडव्याला सुरू झाला. पुढे २०२४ मध्ये मंदिराच्या जतनाच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पुन्हा बंद होता. भक्ती कुठे कमी झाली का?

पाऊलवाट

तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण उपाय साफ अमान्य.

मोठमोठ्या देवस्थानांत देव लांबून बघायचा असतो. पंढरीत शेतातनं उठून आलेला माणूस थेट देवाच्या पायांवर डोकं ठेवतो. पंढरीचं वेगळेपण यातच आहे. पुंडलिकाची गोष्टच बघा. देव स्वतः त्याच्या दारात आला. हा आईबापांच्या सेवेत होता, म्हणाला थांब जरा, आणि उभं राहायला वीट सरकवली. देव भक्ताच्या उंबऱ्यावर ताटकळला. अशा देवाला तुम्ही कठड्यापलीकडे उभा करणार?

माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या पाकिटात तुळशीचं एक वाळलेलं पान होतं. विठोबाच्या पायांवरचं. किती वर्षं जपलं होतं कुणास ठाऊक.

आणि मुखदर्शनाची रांग वेगळी आहेच की. ज्याला उभं राहवत नाही त्याने त्या रांगेने जावं. सक्ती कशाला?

भीमाकाठ

@पाऊलवाट, पुंडलिकाची गोष्ट माझ्या बाजूने बोलते. त्याने आईबापांना उठवून देवापुढे रांगेत नाही उभं केलं. देवाला थांबवलं, त्यांची झोप मोडू दिली नाही. मी मात्र आईला रात्रभर उठवत राहिलो.

मुखदर्शनाची रांग आहे, मान्य. पण आपल्याकडे मुखदर्शन म्हणजे अर्धं दर्शन, असा समज पक्का आहे. आईला म्हटलंही होतं की त्या रांगेने जाऊ. तर म्हणाली, 'एवढ्या लांब येऊन पाय नाही धरायचे?' पायांची रांग चालू आहे तोवर कुठलीही म्हातारी दुसरीकडे वळणार नाही.

शिलालेखवेडा

दगडाचं विचाराल तर याच देवळात पुरावा आहे. चौऱ्याऐंशीचा शिलालेख ठाऊक असेलच. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात देवळाला कुणी काय दान दिलं याची ती यादी आहे. रामदेवराव यादवाचा काळ. पुढे लोकांत समजूत रूढ झाली की या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. झालं, पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासल्या गेल्या आणि अक्षरं झिजत गेली. घासणाऱ्यांच्या मनात भावच होता, पण ज्यांनी देवळासाठी पदरचं दिलं त्यांचीच नावं त्या भावाने पुसट केली.

आता देवळातल्या सोळखांबी मंडपात वर बघा. तिथल्या तुळईवर होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला शके ११५९, म्हणजे १२३७ चा लेख आहे. कुणाचा हात पोचत नाही.

मूर्ती सांभाळणं हीसुद्धा इथली जुनी सेवा आहे. परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने विठ्ठल विजयनगरला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. हंपीच्या विठ्ठल मंदिराचा गाभारा आजही रिकामा आहे. मी तिथे उभा होतो तेव्हा पोटात खड्डा पडला होता. धामधुमीच्या काळात मूर्ती गावोगावी लपवून ठेवल्याच्या कथा तर पंढरपूर परिसरात घरोघरी सांगतात. तेव्हा ज्यांनी देव लपवला, त्यांनाही दर्शन मुकलंच होतं ना?

त्यामुळे धाग्याला माझा पाठिंबा. मी तर म्हणेन बारा महिने बंद ठेवा.

महाद्वार

'लांबूनच बघा' हे वाक्य आमच्या घरात नवीन नाही, म्हणून लिहितोय.

चोखोबांना आत घेतलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी केली. ती आजही तिथेच आहे, दाराबाहेर. त्यानंतर सहाशेहून जास्त वर्षं आमची माणसं त्या समाधीपर्यंतच जायची. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा दार उघडलं.

माझी पणजी त्यानंतर पहिल्यांदा आत गेली. आजी सांगायची की ती पायांवर डोकं ठेवून उठेचना. मागच्या बायांनी धरून उठवलं. घरी आल्यावर दिवसभर तिने कपाळ धुतलं नाही, बुक्का तसाच राहू दिला.

तेव्हा झिजेचा हिशोब मांडताना हेही लक्षात घ्या की त्या पावलांवर आमचे हात लागून अजून ८० वर्षंही झालेली नाहीत. बाकीच्यांचे शतकानुशतकं लागले. आता कुठे आमची पाळी आली तर दगड झिजतो म्हणून सगळे मागे सरका?

तरीही मूर्ती खरंच धोक्यात असेल तर मी मागे सरकेन. अट एकच. सगळ्यांनी सरकायचं. एकादशीच्या पहाटेची शासकीय महापूजा करणाऱ्यांनी, ओळखीने मधेच घुसणाऱ्यांनी, सगळ्यांनी. एका जरी माणसाला वशिल्याने पाय धरू दिले, तर ती बंदी मला जुनीच बंदी वाटेल.

भीमाकाठ

@महाद्वार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या मूळ लेखात ही बाजू नव्हती, ती असायला हवी होती. अट पूर्ण मान्य. किंबहुना ती पाळता येत नसेल तर माझी मागणीही मी मागे घेतो.

@शिलालेखवेडा, बारा महिने मात्र नको.

दिंडी क्रमांक सोडून सांगते

तुम्ही सगळी लेकरं गाभाऱ्याबद्दलच बोलताय. मी २६ वर्षं आळंदीहून चालत येते. त्यातल्या आषाढीला गाभाऱ्यात किती वेळा गेले असेन? दोनदा. आमच्या दिंडीतली निम्मीअधिक माणसं आत जातच नाहीत. चंद्रभागेत स्नान, पुंडलिकाचं दर्शन, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला हात लावायचा, कळसाकडे बघून हात जोडायचे. वारी पोचली. नामदेवांनी तरी काय मागितलं, संतांचे पाय लागावेत म्हणून पायरीचा दगड होणं.

आणि आषाढीत देवाचा पलंग निघतो हे किती जणांना ठाऊक आहे? आपण येणार म्हणून तो झोपतच नाही. चोवीस तास उभा. पाठीशी लोड देतात, शिणू नये म्हणून. यात्रा संपून प्रक्षाळपूजा झाली की मग त्याला निजवतात. ते कळल्यापासून आषाढीला त्या रांगेत घुसायचं माझ्या जिवावर येतं. मी माघ वारीला निवांत जाते, तेव्हा पाय धरते.

पण बंदी घालू नका. समजावून सांगा, माणसं ऐकतात.

पाऊलवाट

आत्या, तुमचं वर्षाला येणं होतं, म्हणून कळस पुरतो. माझ्या मावशीसारखी माणसं जन्मात एकदा येतात, तीही कुणी गाडीत जागा दिली म्हणून. तिला 'माघात ये' सांगून काय उपयोग?

रांगेचं दुखणं रांगेतच बरं करा. २०२५ च्या जूनमध्ये टोकन दर्शनाची चाचणी झाली, ती आषाढीच्या गर्दीला पेलेल अशी वाढवा. सत्तरीपुढच्यांना वेळ ठरवून द्या, तोवर ती मठात पडून राहतील. पत्राशेडमध्ये बसायला बाकडी टाका. आणि गाभाऱ्यात प्रत्येकाला आधी दोन क्षण मुख बघू द्या, मग वाकू द्या. खांद्यावरचा तो हात दोन क्षण उशिरा पडला असता तर तुमच्या आईंना तोंड दिसलं असतं.

भीमाकाठ

दोन क्षण गुणिले लाखो माणसं, रांग किती लांबेल याचा विचार करा.

पण आईला काल हे सगळं वाचून दाखवलं. चोखोबांचं आणि पणजीचं ऐकताना ती गप्प होती. मग म्हणाली, आषाढी राहू दे, मला पौषात ने. आत गेल्यावर मी आधी वर बघणार आहे, मागचा काही म्हणाला तरी.